पाहुण्याचं ताट

"सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा. मान्य," बेबीकाकू पोळ्यांची चळत हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पण बुधवारी कुणाचा उपास असतोय गं?"

"बुधाचा," मी म्हणाले.

"कोण बुध?"

"ग्रह आहे, काकू. सूर्याच्या सगळ्यात जवळचा."

"अस्सं. मग त्याला काय चालतंय? साबुदाणा?"

माझ्या शेजारी बसलेल्या दिग्विजय खराडेला ठसका लागला. त्याच्या पुढ्यात भरलेलं ताट होतं आणि तो सहाव्या पोळीवर होता. माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्या होता.

काकूंनी सातवी पोळी त्याच्या ताटात टाकली आणि नजर माझ्यावरच ठेवून विचारलं, "पावण्या, ह्या पोरीला किती देतोस?"

"साठ," दिग्विजय म्हणाला. तोंडात घास असला की त्याला खोटं बोलता येत नसे, हे मला त्या दिवशी कळलं.

हे साठ रुपये कसले, ते सांगायचं तर जानेवारीपर्यंत मागे जावं लागेल.

मी तेव्हा कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. राजारामपुरीतल्या एका खोलीत मी आणि मिरजेची निलोफर मुल्ला राहायचो. खोलीचं भाडं बाबा तासगावहून परस्पर घरमालकाला पाठवायचे. जेवणखाण मी माझ्या शिष्यवृत्तीतून भागवायचं, असं ठरलेलं होतं. आदल्या वर्षी शिष्यवृत्ती जमा झाली आणि तीन आठवड्यांत तिचे बूट, इअरफोन, दोन मैत्रिणींच्या वाढदिवसांच्या पार्ट्या आणि एक कधीच न वापरलेला योगासनांचा गालिचा झाला. मग मी दोनदा घरी फोन करून पैसे मागितले. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी दोन्ही वेळा पैसे पाठवले, पण दुसऱ्या वेळी म्हणाले, "शलाका, पुढं बाहेरगावी शिकायचं म्हणतीस ना? मग हे तिसऱ्यांदा झालं नाही पाहिजे. तिसरा फोन आला तर पुढचं शिक्षण तासगावात, माझ्या नजरेसमोर." बाबा कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच ते म्हणतील तसं करतील, याची मला खात्री होती.

त्यामुळे त्या जानेवारीत शिष्यवृत्ती येताच मी ती माझ्यापासून वाचवायचं ठरवलं. बँकेतून पैसे काढले, थेट मेसवर गेले आणि मे महिनाअखेरपर्यंतचे सगळे पैसे काकूंसमोर ठेवले.

"एवढं कशाला एकदम?" काकूंनी विचारलं.

"माझ्याकडे राहिले तर खर्च होतील."

"मी बँक न्हवं बरं का. माझ्याकडं आलेला पैसा परत जात न्हाई. जेवण मिळंल."

"तेच तर हवंय," मी म्हणाले.

पोळ्या देऊन इअरफोन मिळत नाहीत, असा माझा साधा विचार होता. खोलीवर येताना मला फार मोकळं वाटत होतं. जवळ दोन हजार रुपये उरले होते आणि एवढा शहाणपणा केल्याबद्दल आपण स्वतःला काहीतरी द्यायला हवं, असं रस्त्यातच वाटू लागलं. खोलीवर पोचेपर्यंत मी मोबाईलवर चंद्राच्या आकाराचा दिवा मागवून टाकला होता. किंमत साडेचौदाशे.

दिवा आला. मी तो लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "निलू, यात टायकोचं विवर दोन ठिकाणी आहे. एकाच बाजूचा फोटो पुढे-मागे छापलाय."

"बरं झालं की," निलोफर पांघरुणातून म्हणाली. "एकाच्या पैशात दोन."

मार्चच्या सुरुवातीला बंगळूरच्या एका संस्थेतून पत्र आलं. मी एम.एस्सी.साठी अर्ज केला होता आणि त्यांनी मला एप्रिलमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं. जाण्या-येण्याचं रेल्वेचं तिकीट, तिथलं दोन दिवसांचं राहणं-खाणं असं सगळं धरून चोवीसशे रुपये लागणार होते. माझ्याकडे पाचशे होते.

"दिवा विक," निलोफर म्हणाली.

मी वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने दीडशे सांगितले. दुसऱ्याने विचारलं, फुगा आहे का?

मग मी काकूंकडे गेले. त्या कोठीच्या खोलीत होत्या. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून आत नेलं. गव्हाची पोती छतापर्यंत लागली होती. "हे बघ तुझे पैसे. वर्षाचा गहू भरलाय. त्या डब्यात तेल, ह्यात तूरडाळ. ह्यातलं काय नेतीस बंगळूरला?"

नियम त्यांनी मला आधीच सांगितला होता. परत फिरताना दारातल्या फळ्याकडे लक्ष गेलं. रोजचंच वाचन, पण त्या दिवशी थांबून वाचलं. 'पाहुणा आणल्यास मेंबरचे एक ताट वजा होईल. बाहेरील व्यक्तीस ताट रु. ८०.'

मेसच्या भाषेत न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणतात. खाड्याचे पैसे काकू देत नसत, पण आपल्याऐवजी पाहुणा जेवला तर त्यांची हरकत नव्हती. मला एक ताट चाळीसला पडलं होतं. बाहेरच्याला ते ऐंशीला पडणार. मी ते साठला विकलं तर?

"ही कल्पना माझी म्हणून सांगायची नाही," निलोफर म्हणाली. तशी ती तिची नव्हतीही, पण पहिलं गिऱ्हाईक तिनेच आणलं. समोरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा दिग्विजय तिच्या मामेभावाचा मित्र होता. लांबलचक, हाडकुळा, आणि भुकेचं काय करायचं या एका प्रश्नाने कायम त्रासलेला. पाहुण्याबरोबर मेंबर हजर पाहिजे, असा काकूंचा नियम होता, म्हणून मी त्याच्या शेजारी उपास करत बसायचे. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी बुधवार आला.

"साठ," काकू म्हणाल्या. "म्हंजे माझ्याच पंगतीत बसून माझंच गिऱ्हाईक पळवतीस व्हय?"

मी म्हणाले, "काकू, मला मुलाखतीला जायचंय."

"जा की. म्या धरून ठेवलंय?"

"घरी पैसे मागितले तर बाहेरगावचं शिक्षण बंद होईल. तुम्ही परत देत नाही. माझ्याकडे विकायला ताटांशिवाय काहीच नाही."

"दिवा आहे," दिग्विजय म्हणाला.

"तू जेव," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

काकूंनी चळत खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया वगैरे काही नव्हती. भाजीवाल्याशी बोलताना असायचा तोच चेहरा होता.

"ऐक. ताट ऐंशीलाच इकायचं. त्यातले वीस माझे."

"वीस कशाचे?"

"पावण्याला पाच पोळ्या. सहावी पायजे असंल तर पाच रुपये वायले. हा पावणा न्हवं, जातं हाय."

"काकू, माझं—" दिग्विजय म्हणाला.

"आन् दिवसाचं एकच ताट मोडायचं. दुसऱ्या येळेला तू सोता जेवायचं, माझ्या डोळ्यांम्होरं. माझ्या मेसची पोरगी वाळली म्हणून गावभर व्हायला नगं. धंदा हाय माझा."

"दिवसाला एकच ताट विकलं तर महिना लागेल."

"मग आजपास्नं लाग."

वीस रुपयांचे पंधरा करायचा मी प्रयत्न केला. त्या उठून गेल्या.

असा माझा व्यवसाय सुरू झाला. दिग्विजय आठवड्यातून चारदा यायचा आणि उरलेल्या दिवशी अभ्यासिकेतलं कुणीतरी पाठवायचा. संध्याकाळचं ताट विकायचं आणि दुपारी जेवायचं, असं मी ठरवलं. दुपारच्या पाच पोळ्यांवर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत निभत नाही, हे पहिल्याच आठवड्यात समजलं. संध्याकाळी आठच्या सुमाराला पोटात जे व्हायचं ते मोजायला काही परिमाण नाही. निलोफर तिच्या ताटातली एक पोळी रुमालात बांधून आणायची, आणि ती काकूंना दिसत नसे असं आम्ही समजत होतो.

पाहुण्याच्या शेजारी बसणं मात्र सुटलं नाही. त्यामुळे कोण कसं जेवतं हे मी रोज जवळून पाहत होते. दिग्विजय पहिली पोळी भाजीशिवाय खायचा. साताऱ्याचा एक मुलगा भात कालवण्याआधी शर्टाच्या बाह्या दुमडायचा. एक मुलगी, बहुतेक गडहिंग्लजची, आमटीची वाटी आधी दोन्ही हातांत धरून बसायची आणि मग प्यायची. ती म्हणाली, "चार दिवस झाले, बिस्किटंच चालू आहेत." तिच्याकडून मी साठच घेतले आणि काकूंचे वीस माझ्या पदरचे घातले. काकूंनी ते मोजून घेतले.

मार्चचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा माझ्याकडे पर्समध्ये तेराशे रुपये होते. तिकीट काढायला उशीर केला तर प्रतीक्षायादी वाढत जाणार होती. स्टेशनवरची आरक्षणाची खिडकी रविवारी दोन वाजता बंद व्हायची. येण्या-जाण्याचे मिळून नऊशेच्या आसपास होत होते. दुपारी मेसमध्ये मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा असायचा, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. माझं रविवारचं ताट मी दिग्विजयला चांगल्या भावाला विकलं होतं आणि त्या दिवसापुरती हजेरीची सूट काकूंकडून मागून घेतली होती.

निलोफर आणि मी चालत निघालो. वाटेत लक्ष्मीपुरीत बाजार भरला होता. एका कडेला जुन्या वस्तूंवाले बसतात. नळाच्या तोट्या, घड्याळं, कुलपं, कुणाच्या तरी दाराच्या कड्या. मी तिकडे बघणार नव्हते.

"ताई, दुर्बीण बघा की," एकजण म्हणाला. "पितळंची हाय. जरा बिघडलीया, म्हणून सातशे."

दुर्बीण म्हटल्यावर मी वळले. वीतभर लांबीची पितळी नळी होती, एका टोकाला डोळा लावायचं भोक आणि दुसऱ्या टोकाला फिरणारी कडी. मी ती हातात घेतली.

"काय बिघडलंय?"

"सगळं रंगीत दिसतंय. लांबचं काय जवळ येत न्हाई. शाळंच्या भंगारात आली."

मी सूर्याकडे पाठ केली, नळी उजळ आभाळाकडे धरली आणि कडी हळूहळू फिरवली. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा उलगडला. कडी आणखी थोडी आवळली, आणि पट्ट्यावर उभ्या काळ्या रेघा आल्या. केसासारख्या बारीक. पिवळ्यात एक, हिरव्यात तीन-चार जवळजवळ, निळ्याच्या पुढे एक ठळक.

ती दुर्बीण नव्हती. तो वर्णपट पाहायचा स्पेक्ट्रोस्कोप होता. सूर्याच्या वातावरणात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत हे त्या रेघांवरून कळतं. तीन वर्षं मी त्या रेघांची चित्रं परीक्षेत काढली होती, गुण मिळवले होते आणि त्या कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाची उजेड आत सोडणारी फट गंजून बसली होती.

"शलाका," निलोफर म्हणाली. "खिडकी."

"नवीन घ्यायला गेलं तर हा पाच-सहा हजारांना मिळेल. त्याला माहीतच नाही काय आहे ते."

"मग?"

"जायचं तिकीट आज काढू. परतीचं नंतर बघता येईल."

"परतीचं तिकीट म्हणजे काय नंतर बघायची गोष्ट आहे? चालत येणार आहेस?"

"मुलाखतीत उपयोगी पडेल, निलू. हा काही दिवा नाही."

हे खरंच होतं. तो दिवा नव्हता. माझ्या आयुष्यात मला तोपर्यंत हव्याशा वाटलेल्या सगळ्या वस्तूंत ती एकच अशी होती, जिच्याबद्दल मला आजही काही वाईट बोलता येत नाही.

मी सातशेला साठने भागलं. जवळपास बारा ताटं. बारा म्हणजे फक्त आकडा राहिला नव्हता. शर्टाच्या बाह्या दुमडणारा मुलगा त्यात होता, दिग्विजयच्या कोरड्या पोळ्या होत्या, आमटीची वाटी धरलेले दोन हात होते, आणि माझ्या बारा संध्याकाळी होत्या. त्या क्षणी दिग्विजय माझ्या वाटणीचा तांबडा रस्सा ओरपत असणार, हेही डोळ्यांसमोर आलं. एवढं सगळं दिसूनही नळी हातातून खाली ठेवली जाईना. आणि मला हेही कळत होतं की आत्ता ठेवली तरी स्टेशनवरून येताना मी ह्याच रस्त्याने येणार, उरलेले चारशे दाखवून घासाघीस करणार आणि राहण्याचे पैसे घालवून बसणार.

"पाच मिनटं झाली बघतायसा," विक्रेता म्हणाला. "साडेसहाशे द्या. बिघडलेली हाय म्हणून."

"बिघडलेली नाही," मी म्हणाले.

निलोफरने माझ्या कोपराला चिमटा काढला.

"ही दुर्बीण नाहीच. याला स्पेक्ट्रोस्कोप म्हणतात. उजेडातले रंग वेगळे करून दाखवतो. आत तीन लोलक आहेत, एकालाही चरा गेलेला नाही. नवीन घ्यायला गेलात तर पाच-सहा हजार पडतील."

त्याने नळी माझ्या हातातून घेतली. डोळ्याला लावली, आभाळाकडे धरली. बराच वेळ बघितली. मग शर्टाच्या टोकाने पुसली आणि कुलपांपासून लांब, स्वतःच्या मांडीजवळ ठेवली.

"दोन हजार," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "तेवढी किंमत आहेच."

चार पावलं पुढे गेल्यावर निलोफर माझ्यावर उखडली. "खुळी का काय तू? शंभरदा बघितलं असतं तरी त्याला कळलं नसतं! साडेसहाशेपर्यंत आला होता!"

"म्हणूनच सांगितलं. आता परवडत नाही ना."

तिने मोबाईलवर वेळ बघितली. मग म्हणाली, "दोनला दहा कमी आहेत. पळ."

खिडकीवरच्या बाईंनी 'बंद'ची पाटी लावायला हातात घेतली होती. मी धापा टाकत फॉर्म आत सरकवला.

"जाण्याचं की येण्याचं?"

"दोन्ही."

मुलाखतीत त्यांनी मला एक तास उभं केलं. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारलं की, सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा कधी पाहिल्यात का. मी म्हणाले, पाहिल्यात, जुन्या बाजारात, पाच मिनिटं. त्या हसल्या आणि कोणकोणत्या दिसल्या ते फळ्यावर काढायला सांगितलं. आठवत होत्या तेवढ्या काढल्या. जूनमध्ये प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "किती पाहिजेत?" मी म्हणाले, "आज नकोत."

त्याआधी, एप्रिलमध्ये बंगळूरहून परत आल्यावर मेसमध्ये गेले तेव्हा काकूंनी ताट वाढलं आणि विचारलं, "सुटला का बुधाचा उपास?"

"सुटला."

"मग खा. आन् ती रुमालातली पोळी आता बंद करायला सांग निलोफरला. रोज एक जादा पोळी मोजून घालत हुतो."

हे सगळं होऊन सहा वर्षं झाली. मी बंगळूरलाच पीएच.डी. करते. पगार म्हणता येईल असं काहीतरी दरमहा मिळतं. गेल्या दिवाळीत मी कोल्हापूरला आले होते, तेव्हा निलोफर नवीन मोबाईल घ्यायला मला दुकानात घेऊन गेली आणि माझा फुटलेला फोन बघून म्हणाली, "तूही घे की." मी किंमत बघितली, साठने भागलं आणि म्हणाले, "साडेसातशे ताटं. एवढी माणसं बसवू कुठं?" दुकानदाराला काही कळलं नाही. निलोफर हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही लक्ष्मीपुरीतून चाललो होतो. जुन्या वस्तूंवाला त्याच जागी बसला होता, थोडा जाड झालेला. कुलपं, तोट्या, कड्या. आणि एका लाल फडक्यावर, बाकी सगळ्यापासून वेगळी, पितळी नळी. समोर पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं: 'स्पेक्टरस्कोप. उजेडाचे रंग. ३५००.'

"अजून विकला नाही?" मी विचारलं.

"लई जण बघत्यात," तो म्हणाला. त्याने मला ओळखलं नव्हतं. "पण ठाव असणारं माणूस लागतंय, ताई. बिघडलेली दुर्बीण न्हवं ही. आत तीन लोलक हायत."

"साठ ताटांच्या जरा खाली," निलोफर हळूच म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "परतीचं तिकीट काढलंस?"

"आलेल्या दिवशीच."

"मग?"

मी त्याला तीन हजार सांगितले. तो बत्तीसशेवर थांबला. पैसे मोजून दिले, सूर्याकडे पाठ केली आणि नळी डोळ्याला लावून कडी फिरवली. रेघा होत्या तिथेच होत्या.